कौसीची सुई आणि दोनची एसटी

खडकओहोळ गावात एक भोळा नवरा होता. तसे गावात नवरे पुष्कळ होते, आणि भोळेही काही कमी नव्हते. पण बाळनाथसारखा सांगितल्या कामाचा माणूस दुसरा नव्हता. सांगाल तेवढंच करायचा आणि सांगाल तसंच करायचा. एकदा आई म्हणाली, "बाळ्या, चुलीवर दूध ठेवलंय, जरा नजर ठेव." बाळनाथनं नजर ठेवली. दूध तापलं, वर आलं, उतू गेलं, चूल विझली. शेवटचा थेंब जाईपर्यंत त्यानं नजर हलवली नाही. वर आई का ओरडते, हे त्याला कळेना.

त्याच्या बायकोचं नाव कौसल्या. सगळे तिला कौसी म्हणत. कौसीला सातवा महिना लागला होता. त्या दिवशी दोनच्या एसटीनं तिचा भाऊ दामोदर तिला बाळंतपणासाठी माहेरी नेणार होता. आणि नेमक्या त्याच दिवशी निमसे नर्सबाई निळा डबा घेऊन अंगणवाडीत लस द्यायला आल्या होत्या. कौसीनं अजून एकही सुई घेतली नव्हती. मागे दोनदा नर्सबाई आल्या, आणि दोन्ही वेळा कौसी मागच्या दारानं सरपण आणायला गेली. घरात पावसाळा निघेल एवढं सरपण साठलं होतं.

तिची सासू भागूबाई म्हणायची, "पोटुशी बाईला कसली सुई? माझी सहा बाळंतपणं झाली. आमच्या वेळी सुई होती ती गोधडी शिवायला!" कौसीची भीती मात्र वेगळीच होती. ती तिनं कुणाला सांगितली नव्हती, कारण तिला कुणी विचारलंच नव्हतं. सासू म्हणायची नको, नर्सबाई म्हणायच्या घे, आणि कौसी सरपण आणायची.

सकाळी दहाला नर्सबाईंनी बाळनाथला बोलावून घेतलं.

"बाळनाथ, तिच्या माहेरच्या गावात लसीचा दिवस कालच होऊन गेला. आज चुकलं की महिना गेला. बाळंतपणात धनुर्वात झाला तर आईच्याही जिवावर बेततं आणि बाळाच्याही. दोनच्या आत तिला इकडं आण."

बाळनाथचं तोंड एवढंसं झालं. कौसीवर त्याचा फार जीव होता.

"आणतो बाई. पण ती म्हणती, दुखतं."

"काही दुखत नाही. मुंगी चावल्यासारखं वाटतं. तसं सांग तिला."

बाळनाथ निघाला. वाटेत त्याच्या मनात आलं, नुसतं सांगून कसं पटणार? तो आंब्याखाली थांबला. काडेपेटीतल्या काड्या खिशात टाकल्या आणि पेटीत सात तांबडे मुंगळे भरले. घरी कौसी माहेरची पिशवी भरत होती.

"कौसे, डोळे झाक. हात पुढं कर."

कौसीला वाटलं, जाता जाता नवऱ्यानं बांगड्या आणल्या. तिनं लाजत लाजत हात पुढं केला.

तिची किंकाळी तिसऱ्या आळीला ऐकू गेली.

"बघ, सुई अशीच असती," बाळनाथ मायेनं म्हणाला. "एवढंच दुखतं."

"एवढं दुखतं?" कौसी दंड चोळत म्हणाली. "मग तर मी मेले तरी यायची न्हाई."

बाळनाथ परत अंगणवाडीत. घडलं ते त्यानं जसंच्या तसं सांगितलं. नर्सबाईंनी कपाळावर हात मारला.

"अरे शहाण्या, मुंगळे नेतात का कुणी? घाबरलेल्या माणसाला धीर द्यावा. जवळ बसावं, हात घट्ट धरावा, डोळे मिटायला सांगावं, चार गमतीच्या गोष्टी सांगून हसवावं. कळलं?"

"कळलं बाई. घाबरलेला माणूस दिसला की तसंच करतो."

वाटेत वसंता न्हाव्याचं दुकान होतं. खुर्चीत एक माणूस मान मागं टाकून बसला होता. तोंडभर फेस, गळ्यापाशी वस्तरा, आणि दोन्ही हातांनी खुर्ची गच्च धरलेली. बाळनाथला वाटलं, केवढा घाबरलाय बिचारा! तो आत शिरला, शेजारी उकिडवा बसला आणि त्या माणसाचा हात घट्ट धरला.

"डोळे मिटा पाव्हणं. काय होत न्हाई. एक गंमत सांगतो. आज मी बायकोच्या दंडावर सात मुंगळे सोडले."

वसंताला हसू फुटलं. तो हसला तसा त्याचा हात हलला, हात हलला तसा वस्तरा हलला, आणि फेसाबरोबर उजवीकडची अर्धी मिशी खाली आली. खुर्चीतला माणूस मात्र हसला नाही. तो कौसीचा भाऊ दामोदर होता.

"दाजी!" टॉवेलनं तोंड पुसत दामोदर उठला. "माझ्या बहिणीच्या अंगावर मुंगळे सोडता? आता तिला एक घडीभर तुमच्या घरात ठेवत न्हाई. दीडलाच एसटीच्या थांब्यावर जाऊन बसतो आम्ही."

"बसा की," बाळनाथ म्हणाला. "पण डोळे मिटायचं राहिलं तुमचं."

तो पुन्हा अंगणवाडीत आला तेव्हा साडेबारा वाजले होते. नर्सबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी घोटभर पाणी प्यायल्या.

"बाळनाथ, वाटेत दिसेल त्याला धीर देत सुटायचं नसतं. सरळ घरी जा. मध्ये कुणाशी बोलू नकोस. घरात जी घाबरून बसली आहे ना, तिला उचलून आण. कुरकुर करेल, रडेल, शिव्या देईल, तिकडं लक्ष द्यायचं नाही. आणायचं आणि या खुर्चीत बसवायचं. बस्स."

"बस्स," म्हणत बाळनाथ निघाला. या वेळी तो वाटेत कुणाशी बोलला नाही. पाटलांनी रामराम घातला तरी बोलला नाही. घरी आला आणि उंबऱ्यात उभा राहिला. आत दोन बाया होत्या. आता यातली घाबरून बसलेली कोणती? कौसी तर उभी होती. तोंडाला टॉवेल लावून भाऊ घाई करत होता आणि ती पिशवीची गाठ मारत होती. बसली होती ती आई.

"आये, तुला सुईचं भ्या वाटतं का?"

"नाव काढू नको मेल्या!" भागूबाई म्हणाली. "नुसतं ऐकलं तरी कापरं भरतं मला."

बाळनाथनं आईला उचललं आणि पाठुंगळी घेतलं.

"आरं मुडद्या, सोड मला! गिधाडा! तुझं वाटोळं व्हईल!"

बाळनाथला बरं वाटलं. शिव्या देईल असं बाई म्हणाल्याच होत्या. म्हणजे काम बरोबर चाललं होतं. आळीतून जाताना भागूबाईनं पाय झाडले आणि गोठ्याच्या गंजक्या पत्र्यावर तिची नडगी खरचटली. तरी बाळनाथनं लक्ष दिलं नाही. मागं पोरं, पोरांमागं कुत्री, अशी वरात अंगणवाडीत पोचली. त्यानं आईला खुर्चीत बसवलं आणि घाम पुसला.

"ही कोण?" नर्सबाईंनी विचारलं.

"आई."

"गरोदर कोण आहे?"

"कौसी."

"मग हिला का आणलंस?"

"ही घाबरून बसली व्हती. कौसी उभी व्हती."

अंगणवाडीत आठ-दहा गरोदर बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. सुईला पहिला नंबर कुणाचा, यावर सकाळपासून त्यांचं 'तू जा, तू जा' चाललं होतं. त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. नर्सबाई मात्र वाकून भागूबाईची नडगी बघत होत्या.

"मावशी, हे कशानं लागलं?"

"या माझ्या दिवट्या लेकामुळं! गंजका पत्रा घासला."

"मग धनुर्वाताची सुई तुम्हालाही घ्यायला लागेल."

"मला?" भागूबाई कडाडली. "अगं माझे सासरे पाटलाच्या बैलाला शिंगं धरून लोळवायचे, त्या घराण्यातली मी! हात तर लावून बघ! टोच, टोच की, बघू कशी टोचतीस ती!"

"टोचली," नर्सबाई म्हणाल्या आणि कापूस दाबला.

भागूबाई दंडाकडं बघत राहिली. "एवढीच? याच्यापेक्षा माझं बोलणं जास्त टोचतं." तिथल्या बायांनी यावर माना डोलावल्या.

मग भागूबाई नर्सबाईंकडं सरकली. तिनं हळूच सांगितलं, "बाई, माझं पहिलं लेकरू आठव्या दिवशी गेलं. दूध वढंना. जबडा धरला व्हता त्याचा. लोक म्हणले, नजर लागली."

"मावशी, तो धनुर्वात असणार," नर्सबाई म्हणाल्या. "तेव्हा तुम्हाला ही सुई मिळाली असती, तर बहुतेक वाचलं असतं."

भागूबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. चाळीस वर्षं तिनं त्या नजरेपायी शेजारणीशी अबोला धरला होता. तिनं नाक ओढलं, पदर खोचला आणि उठली.

"कौसी कुठंय?"

बाहेर हॉर्न वाजला. एसटीचा थांबा अंगणवाडीच्या समोरच होता. दोनची गाडी येऊन उभी होती, आणि खिडकीशी कौसी बसलेली दिसत होती. भागूबाई लंगडत पुढं, नर्सबाई निळा डबा घेऊन मागं आणि त्यांच्या मागं बाळनाथ, असे तिघं गाडीत चढले.

"तिकीट?" कंडक्टर म्हणाला.

"लस," नर्सबाई म्हणाल्या आणि पुढं गेल्या.

"कौसे, घे बाई सुई," भागूबाई म्हणाली. "मी घेतली. मेले का?"

कौसीनं मान वळवली. तिनं खिडकीबाहेर बघितलं, पण तिथं सरपण नव्हतं. नर्सबाई तिच्या शेजारी बसल्या.

"कौसल्या, मी तीन महिने तुला नुसती घे घे म्हणते आहे. तुला काय वाटतं ते विचारलंच नाही, माझं चुकलं. सांग, भीती कशाची वाटते?"

कौसीनं पोटावर हात ठेवला. "सुई बाळाला लागली तर?"

गाडीतलं कुणी हसलं नाही. नर्सबाईंनी तिला सुई दाखवली. "एवढीशी आहे बघ. ही दंडात जाते. बाळ तिकडं पोटात सुखात असतं. उद्या हात थोडा दुखेल, आला तर बारीक ताप येईल, तो उतरतो. दुसरी सुई महिन्यानं माहेरी घे. आणि तुला लस दिली की तिचा गुण बाळालाही मिळतो. सुई एक, राखण दोघांची."

कौसीनं थोडा विचार केला आणि स्वतःच बाही वर केली. पुढच्या बाकावरच्या दामोदरनं वळून तिचा हात धरला. त्या गडबडीत त्याच्या तोंडावरचा टॉवेल घसरला. भावाची अर्धी मिशी बघून कौसी खो खो हसत सुटली. हसू थांबलं तेव्हा सुई देऊन झाली होती.

बाळनाथच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता.

"बाळनाथ, आता एक शेवटचं काम," नर्सबाई म्हणाल्या. "अर्धा तास हिला जागेवरून हलू द्यायचं नाही. जमेल ना?"

"जमंल बाई."

नर्सबाई अंगणवाडीत परतल्या. सुई घेऊनही भागूबाई धडधाकट आहे हे बघून तिथल्या बाया आपणहून रांगेत उभ्या राहिल्या होत्या. इकडं कंडक्टरनं डबल बेल मारली. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली आणि लगेच कचकन ब्रेक दाबला. गाडीपुढं रस्त्याच्या मधोमध बाळनाथ बसला होता.

"ए बाबा, ऊठ की!"

"बाई म्हणल्या, अर्धा तास कौसीला हलू द्यायचं न्हाई."

"अरे, ती बाकावर बसलीय. हलतीय का?"

"गाडी हलली की ती हलणार."

ड्रायव्हरला अठरा वर्षं नोकरी झाली होती, पण यात चूक कुठं आहे ते त्यालाही सापडेना. कंडक्टरनं जाऊन नर्सबाईंना विचारलं. नर्सबाई म्हणाल्या, "सुईनंतर अर्धा तास माझ्या नजरेसमोर थांबायचंच असतं. तो आयुष्यात पहिल्यांदा बरोबर करतो आहे, करू द्या त्याला." आणि त्यांनी पुढची सुई भरली.

मग प्रवासी खाली उतरले. कुणी शेंगा फोडल्या, कुणी तंबाखू मळली. भागूबाई चाळीस वर्षांनी शेजारणीशी बोलायला निघून गेली. दामोदर टॉवेलात तोंड घालून झोपला. कौसी खिडकीतून नवऱ्याच्या डोक्याकडं बघून हसत होती. दंड जरा ठणकत होता, तो मुंगळे चावले होते तिथंच.

अडीच वाजून पाच मिनिटं झाली. कंडक्टरनं घड्याळ बाळनाथच्या नाकासमोर धरलं. "झाला अर्धा तास. ऊठ आता." प्रवासी चढले, बेल झाली, इंजिन घरघरलं. बाळनाथ उठला, धोतर झटकलं, दोन पावलं बाजूला गेला, थबकला आणि परत येऊन खाली बसला.

"आता काय?" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला.

"बाई म्हणल्या, लस बाळालापण मिळती. कौसीचा अर्धा तास झाला. बाळाचा ऱ्हायला की."

ड्रायव्हरनं मुकाट्यानं इंजिन बंद केलं. कंडक्टरनं पायरीवर बसकण मारली आणि वैतागून विचारलं, "जुळी तर न्हाईत ना रे?"

बाळनाथ गंभीर झाला. त्यानं बराच वेळ विचार केला. मग पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या आणि चांगली मांडी घालून बसला.