सहा पायांचा पाहुणा

त्या राज्यात कोळी राहत, आणि जाळं एकाच कोपऱ्यात विणलं जाई. कोपरा अंधारा होता. माश्यांनी तिकडे फिरकणं कधीच सोडलं होतं; पण ज्येष्ठांना तिथे उपाशी बसायची सवय झाली होती आणि त्या सवयीला ते परंपरा म्हणत.

चिकट्या हा विणशाळा अर्ध्यात टाकलेला तरुण कोळी. त्याची धाकटी बहीण भुकेने धाग्याइतकी बारीक झाली होती. तो सभेत म्हणाला, "जाळं दिव्यापाशी विणा. सगळे किडे तिथेच मरायला जातात."

"शाळा पुरी केलीस का?" जळमटआप्पांनी विचारलं. ते राज्याचे मुख्य. पाठीवरची धूळ ते पदकासारखी मिरवत. "नाही ना? मग बस खाली. घरच्या कार्ट्यांकडून काय नवं निघणार!"

भूक मात्र आप्पांनाही जुमानेना. मग त्यांनी सखोल विचार केला, म्हणजे डुलकी काढली, आणि दवंडी पिटवली: नव्या जाळ्याची कल्पना बाहेरून मागवली आहे. पाहुण्यांसाठी भिंतीला वेगळं दार पाडलं, तोरण बांधलं, दवाचं सरबत ठेवलं. घरच्यांना त्या दाराने यायला बंदी.

चिकट्याने दोन पाय पोटाशी मुडपले, बाहेरून वळसा घातला आणि लंगडत त्या दारातून आत आला.

"अहाहा, सहाच पाय!" आप्पा उठून उभे राहिले. घरच्या कुणासाठी ते कधी उठले नव्हते. "कुठून येणं झालं आपलं?"

"लांबून. जाळं दिव्यापाशी विणा."

"दिव्यापाशी! ऐकलंत का मंडळी? आपल्या पोरांना सुचलं असतं हे?"

जाळं विणलं गेलं. पहिल्याच संध्याकाळी एक गलेलठ्ठ पतंग त्यात आदळला. जाळं हेलकावलं, धागे तुटू लागले. चिकट्या सगळं विसरला आणि आठही पाय रोवून त्याने जाळं तोलून धरलं. पतंग अडकला. बहीण आ वासून पुढे सरकली.

ज्येष्ठ मात्र पतंगाकडे बघतच नव्हते. ते पाय मोजत होते.

"अरे, हा तर आपला चिकट्या!" आप्पांचा चेहरा पडला. "म्हणजे कल्पना घरचीच निघाली की! फसवणूक आहे ही. तोडा ते जाळं."

जाळं तोडलं. पतंग निघून गेला. तो दिसेनासा होईपर्यंत बहीण तिकडे बघत राहिली.

सकाळी पाहुण्यांच्या दाराबाहेर ही लांबलचक रांग. सगळे सहा पायांचे, सगळे लंगडणारे. आप्पा हरखले. "बघा, बाहेर किती अक्कल आहे! अरे, कुणीतरी सरबत आणा रे!"

मागे कुणीच नव्हतं. विणघरात अर्धवट धागे नुसतेच हलत होते.

रांगेत सर्वांत पुढे चिकट्या उभा होता. बहीण पाठीवर, आणि या वेळी चार पाय पोटाशी मुडपलेले.

"यांना आधी आत घ्या," आप्पा रिकाम्या घराकडे वळून कुजबुजले, "चारच पाय आहेत!"