न शिकवलेले रूप

कृतयुग सरत आले होते. धर्म तेव्हा चारही पायांवर उभा होता असे म्हणतात, तरी त्याचा एखादा पाय लचकू लागला असावा. नाहीतर मंदस्रवा नदीवर तो प्रसंग आलाच नसता. हिमधवल शिखरांतून उतरणारी, देवदारांच्या मुळांना भिजवत येणारी ही नदी दैत्यांच्या पठारावरून वाहत असे, आणि तिच्या पाण्यावर दैत्य इतके संपन्न झाले की ते देवराज इंद्राच्या डोळ्यांत खुपू लागले. एके दिवशी तो कड्यावर उभा राहिला आणि शुद्ध देववाणीत नदीला म्हणाला, "थांब." नदी थांबली. कड्याआड तिचे सरोवर झाले, आणि खाली पठारावरच्या विहिरी आटल्या. दैत्यांनी नदीला विनवले, धमकावले, शेवटी शिव्याही दिल्या; पण त्यांची भाषा तिला कळत नव्हती.

तेव्हा दैत्यराजाची ताम्रला नावाची कन्या देववाणी शिकायला निघाली. निरोप देताना तिची आई म्हणाली, "लवकर शीक, बाई. तुझ्या भावंडांना मी चिखल गाळून पाजते आहे."

कड्याच्या कुशीत महर्षी पर्णाशनांचा आश्रम होता. यज्ञधूमाने धूसर झालेल्या कुटी, ओल्या वल्कलांनी वाकलेल्या फांद्या, हरिणांनी अर्धवट खाल्लेली दर्भाची आसने, आणि पहाटेपासून घुमणारा शिष्यांचा पाठ, असे ते स्थान होते. ताम्रला येण्याआधीच इंद्र तेथे येऊन गेला होता. तो म्हणाला होता, "महर्षे, तिला सारी विद्या खुशाल द्या. फक्त क्रियापदाचा आज्ञार्थ तिच्या कानी पडता कामा नये. ती मागू शकली तरी माझी हरकत नाही. तिने सांगू नये." विद्येला नाही म्हणणे ऋषीला शोभत नव्हते, आणि इंद्राला नाही म्हणणे परवडत नव्हते. पर्णाशनांनी वचन दिले.

वचन देणे सोपे असते, पाळताना नाकी नऊ येतात. आश्रम म्हणजे सगळा आज्ञांचाच कारभार; पाणी आण, समिधा फोड, म्हण, पुन्हा म्हण. ताम्रला जवळ असली की हे सारे बंद पडे. सगळे आश्रमवासी एकमेकांशी पाहुण्यांसारखे बोलत. गायीलासुद्धा "बाजूस व्हावे" असे सांगावे लागे, आणि गाय अर्थातच होत नसे. आज्ञार्थाच्या अध्यायाच्या दिवशी महर्षी म्हणाले, "ताम्रले, दूरच्या वनातून समिधा आणल्या गेल्या तर बरे होईल." ती आनंदाने गेली.

भोळ्या मुलीला हा आपला सन्मान वाटला. ऋजुश्रवा नावाचा एक शिष्य तर तिच्यावर जळत असे. "तुझे भाग्य थोर," तो म्हणे, "गुरुदेवांनी तुला कधी एक आज्ञा केली नाही." तरी तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती. देववाणीत तिला पर्वताचे वर्णन करता येई, देवांची स्तुती करता येई, तर्काने पंडितांना निरुत्तर करता येई; आणि एवढे सगळे बोलून झाल्यावरही तोंडात काहीतरी राहून गेल्यासारखे वाटे. अशी काही वर्षे गेल्यावर एकदा तिने विचारलेच, "गुरुदेव, माझी विद्या पूर्ण झाली का?"

महर्षी दुसरीकडे पाहत म्हणाले, "झाली, असे म्हणायला हरकत नसावी."

ती सरोवराच्या काठी गेली. हात जोडून, निर्दोष उच्चारात ती म्हणाली, "हे मंदस्रवे, हे गिरिकन्यके, आपण आमच्या भूमीवर पुन्हा यावे, अशी ही दैत्यकन्या आपणास प्रार्थना करीत आहे." पाण्यावर एक तरंग उठला आणि विरला. नदीला सारे कळले होते, पण तिला कोणी काही सांगितलेच नव्हते.

ताम्रला कड्याखाली कोरड्या पात्रात येऊन बसली. वर पाणी होते, खाली तिची माणसे तहानलेली होती, आणि मधे ती, एवढे शिकूनही कोणाच्या उपयोगाची नसलेली. तिची ती दशा पाहवेना म्हणून पर्णाशन समजूत घालायला खाली उतरू लागले. तोच वरची एक शिळा निखळून तिच्या रोखाने घरंगळत येताना त्यांना दिसली.

"पळ, ताम्रले, पळ!"

शब्द कळण्याआधीच तिचे पाय हलले होते. जिथे ती बसली होती तिथे शिळा आदळून फुटली. धूळ खाली बसेपर्यंत ती उभीच राहिली, आणि मग तिने शांतपणे विचारले, "आपण मला आत्ता काय म्हणालात? माझ्या मनाला न विचारता माझे शरीर उठले, असे हे कोणते रूप?"

महर्षींना खोटे बोलता आले असते. ते म्हणाले, "आज्ञार्थ. 'पळावे'मधले शेवटचे 'आवे' काढून टाकले, बाकी काही केले नाही."

"इतकेच?"

"इतकेच."

तिला रडू आले, आणि त्याहून अधिक राग आला. "एवढी वर्षे आपण मला जोडायलाच शिकवलेत," ती म्हणाली. "आपणच मला अडवलेत, आणि आज आपणच मला वाचवलेत. यातले एकही मी विसरणार नाही."

ती पुन्हा कड्यावर चढली. या वेळी तिने हात जोडले नाहीत. सरोवराकडे पाहून ती म्हणाली, "ये."

पाणी उसळले. त्याच क्षणी वज्र उगारून इंद्र प्रकटला आणि गरजला, "थांब!" नदीला दोन्ही आज्ञा सारख्याच शुद्ध ऐकू आल्या. ती थरथरली, एका पापणीच्या लवण्याइतकी घुटमळली, आणि मग कोणाचेच न ऐकता उताराने निघाली. तेव्हापासून नद्या देवांचे ऐकत नाहीत आणि दैत्यांचेही ऐकत नाहीत. खाली पठारावर ताम्रलेची आई घागर तशीच टाकून मुलांना घेऊन पात्राकडे धावली.

क्रोधाने लाल झालेला इंद्र महर्षींकडे वळला. "वचनभंग करणाऱ्या ब्राह्मणा, तुझ्या मुखातून पुन्हा कधी आज्ञा निघणार नाही. आणि आजपासून हे रूप कोणत्याही गुरूला कोणत्याही शिष्यास शिकवता येणार नाही."

पर्णाशनांनी मान लवून शाप स्वीकारला. त्यांचे शिष्य हळूहळू निघून गेले, आश्रमावर गवत वाढले. शाप मात्र आजही खरा आहे. आज्ञार्थ कोणी कोणाला शिकवत नाही, मूल बोलू लागते तेव्हा न शिकवताच आईपुढे हात पसरून म्हणते, "दे." मग ते जरा मोठे होते, आपण त्याला गुरूच्या घरी पाठवतो, आणि तिथे त्याला सर्वांत आधी हे शिकवतात, की 'दे' म्हणू नये, 'द्यावे' म्हणावे.