छाती ऐकवायला येणारा शिष्य

घाटाखालच्या एका गावात एकदा एक वृद्ध वैद्य राहत होते आणि त्यांच्या घरी दोन शिष्य वैद्यक शिकत होते. एका हिवाळ्यात त्या मुलुखात फुप्फुसांचा ज्वर पसरला. घरोघरी माणसे खोकत अंथरुणाला खिळली आणि त्यांतली बरीच पुन्हा उठली नाहीत. ज्वर वैद्यांच्या घरातही शिरला. धाकटा शिष्य गेला. थोरला त्याच्या शेजारच्याच अंथरुणावर होता, तो वाचला.

वाचला म्हणजे ताप उतरला, अन्न गोड लागू लागले, अंगणात हिंडूफिरू लागला. पण खोकल्याची ढास राहिली, आणि आडाचे पाणी शेंदताना धाप लागू लागली. चारचौघांसारखा कोणी असता तर कुरकुरत का होईना, कामाला लागला असता. हा पडला वैद्यकाचा विद्यार्थी! त्याला प्रत्येक खोकल्याचे नाव ठाऊक होते आणि त्या नावाचा शेवट कशात होतो तेही पाठ होते. त्याची बोटे सदा स्वतःच्या मनगटावर असत. खोकला गेला की नाही हे पाहण्यासाठी तो उठल्याबरोबर मुद्दाम खोकून पाही. आता मुद्दाम खोकल्यावर खोकला येणार नाही तर काय होणार! मग एका दमात श्लोक म्हणून पाही. पूर्वी तो पुरा होत असे, आता मध्येच अडकतो म्हणून घाबरे, आणि घाबरल्यावर आणखी आधी अडके. असा त्याचा दिवस सुरू होई.

त्यानंतर तो उपरणे उतरवून गुरूंपुढे पाठ करून बसे. "गुरुजी, एकदा ऐकता का?"

वैद्य त्याच्या पाठीला कान लावीत, वर, खाली, दोन्ही बाजूंना. "स्वच्छ आहे रे. घोर लावून घेऊ नकोस."

शिष्याचा चेहरा उजळे. जेवणवेळेपर्यंत बरे चाले. मग मनात येई, गुरुजींनी डावी बाजू जरा घाईने तर ऐकली नाही ना? आणि पुन्हा बोटे मनगटावर जात.

एके दिवशी वरच्या वाडीतून बोलावणे आले. एका बाईचा नवरा तापाने फणफणला होता आणि त्याला श्वास घेववत नव्हता. वैद्यांनी औषधे बांधून दिली आणि शिष्याला पाठविले. वाडीची चढण खडी. अर्ध्यावर त्याला धाप लागली. एका खडकावर बसून त्याने नाडी पाहिली, ती धावत होती. चढण चढल्यावर कोणाची धावत नाही? पण त्याला शेजारचे ते रिकामे अंथरूण आठवले. तो औषधांसकट माघारी आला. मग काठी टेकीत वैद्य स्वतः वर गेले. ते पोहोचले तेव्हा घरात रडारड सुरू झाली होती.

परत आल्यावर वैद्यांनी न सोडलेल्या पुड्या शिष्यासमोर फळीवर ठेवल्या. शिष्य मेल्याहून मेल्यासारखा झाला. तरीही दुसऱ्या सकाळी तो उपरणे उतरवून पाठ करून बसलाच. भीतीपुढे माणसाला लाजही उरत नाही, हे मोठे वाईट.

त्या सकाळी वैद्यांनी कान लावला नाही. त्यांनी स्वतःचे उपरणे बाजूला ठेवले आणि शिष्याकडे पाठ केली. "आज तू ऐक."

शिष्याला काही उमगेना. त्याने कान लावला. खाली दोन्ही बाजूंना, ओले सरपण चुलीत घातल्यावर होते तशी चरचर चालली होती. उजव्या अंगाला वरच्या भागात तर काहीच ऐकू येत नव्हते. श्वास तिथवर पोहोचतच नव्हता.

"गुरुजी, हे कधीपासून?"

"तुम्हा दोघांबरोबर मीही तापलो होतो. तुझा ताप गेला, माझा मुरला."

"आणि असं असताना काल आपण वाडी चढलात?"

"कोणीतरी चढायला हवं होतं."

शिष्याने पुन्हा कान लावण्यासाठी मान वाकवली, तेव्हा वैद्यांनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकविला. त्या घरची रीत होती की रोगी तपासून झाला की हात धुवायचे, आणि हात धुतल्यावर, लक्षण पालटल्याखेरीज, त्याच रोग्याला त्या दिवशी पुन्हा तपासायचे नाही.

"पण मी नीट ऐकलं की नाही..."

"नीटच ऐकलंस. आता पुन्हा ऐकशील ती माझी छाती नसेल, मघाशी बसलेला धसका असेल. खरं सांग, स्वतःची नाडी पाहून तू कधी हात धुतलेस?"

शिष्याने तांब्या उचलून हातांवर पाणी घेतले. वैद्य थांबत थांबत बोलू लागले, कारण त्यांना एका दमात बोलवत नव्हते.

"तुझी धाप खोटी आहे असं मी म्हणत नाही. ज्वरानं आतून सोलून काढलंय तुला, ते भरून यायला काळ जाईल. मोडलेला पाय जुळला तरी माणूस कित्येक महिने लंगडतो, आणि चालून चालूनच सुधारतो. धाप लागली तर थांब, दम खा, पुढे हो. थुंकीत रक्त दिसलं, ताप उलटला, बसल्याजागी श्वास कोंडला, तर मात्र तत्काळ दाखव, त्यात कसली लाज? आणि चूक माझीही झाली, बाळा. तू रोज छाती ऐकवायला येत नव्हतास. 'मी मरणार नाही ना,' हे माझ्याकडून वदवून घ्यायला येत होतास. ते कोणत्या वैद्याला सांगता येतं? मी मात्र रोज 'स्वच्छ आहे' म्हणत राहिलो, आणि त्या शब्दावाचून तुझा दिवस जाईनासा झाला. आजपासून मी ऐकणार नाही."

"मग भीती वाटली तर काय करू?"

"वाटू दे. ती काही इतक्यात जायची नाही. तिला बरोबर घेऊन रोग्याच्या घरी जा."

वैद्यांना पुढचा पावसाळा दिसला नाही. शिष्याने त्यांची सेवा केली. रोज एकदाच कान लावला, हात धुतले, आणि रोज श्वास कालच्याहून कमी ऐकला. त्याच्या विद्येत त्यावर उपाय नव्हता. त्या दिवसांत त्याची बोटे मनगटाकडे गेलीच नाहीत असे नाही. सवयी अशा सुटत नसतात. पण ती तिथे फार वेळ थांबेनाशी झाली.

गुरूंचे दिवसकार्य आटोपले आणि वरच्या वाडीतून पुन्हा बोलावणे आले. त्याच घरातून. त्या बाईची सासू आता तापाने पडली होती. शिष्य निघाला. चढणीवर धाप लागली, भीतीही वाटली. तो थांबला, दम खाल्ला, आणि चढत राहिला.

बाई दारातच उभी होती.

"त्या दिशी अर्ध्या वाटंवरनं माघारी गेला, ते तुमीच न्हवं?"

"मीच."

"दम लागला व्हता म्हनं."

"दम आजही लागलाय, बाई. त्या दिवशी मी घाबरून परत गेलो."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत क्षमा नव्हती, आणि त्याने ती मागितलीही नाही. आतून म्हातारीचा ओढून घेतलेला श्वास ऐकू येत होता. बाई दारातून बाजूला झाली.

शिष्य आत गेला, म्हातारीच्या पाठीशी बसला, आणि तिचा श्वास नीट ऐकू यावा म्हणून त्याने स्वतःचा रोखून धरला.