पाच आंब्यांचं कलम

झाडं माणसांशी बोलत त्या काळची ही गोष्ट. कोकणात एका कातळावर गोपू खोतांनी हापूसची कलमं लावली. त्यातलं एक दुसऱ्याच वर्षी, कमरेएवढं असतानाच मोहरलं.

बागेत राबणारी शेवंताकाकी मोहोर खुडायला निघाली. कोवळ्या कलमाला पहिली काही वर्षं फळ धरू द्यायचं नाही, अशी तिथली रीत. पण खोत म्हणाले, "राहू दे गं. एवढ्याशा झाडाला आंबे म्हटल्यावर लोक बघायला येतील."

लोक आले. पाच आंब्यांच्या भाराने कलम वाकलं, तेव्हा त्याला बांबूचा टेकू दिला. पुढच्या साली शेजारची झाडं विचारू लागली, "गेल्या खेपेला पाच, यंदा किती?" कलम मुकाट्याने मोहरत राहिलं. पानं बारीक झाली, साल तडकली, उंची कमरेशीच थांबली. ज्यांचा मोहोर काकीने वेळच्या वेळी खुडला, ती बरोबरीची कलमं केव्हाच माणसाच्या डोक्यावर गेली होती.

चौथ्या साली पुन्हा मोहोर फुटला, तेव्हा ते काकीला म्हणालं, "आता पेलवत नाही गं. पण सांगू कुणाला? सगळे कौतुकच करतात."

काकीने खोतांना विचारलं नाही. तिने सगळा मोहोर खुडला, आळ्यात पाणी घातलं आणि खोडावर हात ठेवून म्हणाली, "बाळा, बरं वाटतंय का?"

असं कलमाला कुणी विचारलंच नव्हतं. आजवर त्याला सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला होता.