ताकावरचा फेस

जत रस्त्यावर सायराबीचं गॅरेज होतं. साखर कारखान्याचे चेअरमन दौलतराव तिथे आले, तेव्हा त्यांच्या गाडीचं स्टिअरिंग वळताना कण्हत होतं. सायराबीनं बॉनेट वर करून स्टिअरिंगच्या तेलाच्या डब्याचं झाकण उघडलं. तेल नुसतं फेसाळलं होतं.

"आत हवा शिरलीय. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग सावकाश फिरवत काढावी लागेल. तासभर जाईल."

"मला सभा आहे. इंजिनला रेस दे आणि दहा मिनिटांत काढ, नाहीतर उद्यापासून कारखान्याच्या गाड्या दुसरीकडे जातील."

गाडीत बसलेल्या ड्रायव्हरचा हात लगेच किल्लीवर गेला. हवेवरही हुकूम चालतो की काय, सायराबीला नवल वाटलं. तिनं जेवणाच्या पिशवीतली ताकाची बाटली खळखळून हलवली, पेला भरला आणि पुढे केला.

"घ्या साहेब. फक्त आधी वरचा फेस काढा."

दौलतरावांनी फुंकर मारली, मग तिच्या पिशवीतल्या चमच्यानं ढवळलं. फेस वाढतच गेला.

"बाई, ठेव बाजूला जरा. हलवलं नाही तर आपोआप बसेल."

"हेच ड्रायव्हरला सांगा साहेब. तो केव्हाचा किल्लीला हात लावून बसलाय."

चेअरमननी स्वतःच किल्ली काढून घेतली आणि पेल्याकडे बघत बसले.