चांदीची तार आणि चिरलेला पडदा

एका डोंगराकाठच्या गावात एक भोंगेवाला होता. जत्रेत हरवलेल्या माणसांची नावं भोंग्यावरून पुकारायची, हे त्याचं काम.

मागच्या जत्रेत एक म्हातारी चुकली. त्याने घसा फोडून पुकारलं, पण भोंगा असा खरखरला की नाव कुणालाच कळलं नाही. म्हातारी दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी थरथरत सापडली. ते त्याच्या मनातून जाईना. पाटीलही म्हणाले होते, "यंदा शब्द कळला नाही, तर भोंगा दुसऱ्याचा."

जत्रा उद्यावर आली. भोंग्याच्या आतला पडदा चिरला होता. त्यासाठी त्याने पैसे बाजूला ठेवले होते. तेवढ्यात एक फिरता विक्रेता दारात आला. त्याच्या हातात चांदीचा मुलामा दिलेली तार झगमगत होती.

"मालक, आवाज तारेतूनच जातो ना? तुमची तार आवाज खाते. ही जोडा, शब्द मोत्यासारखा पडेल. पण लवकर बोला, माझी गाडी सुटेल."

पैसे एकाच गोष्टीपुरते होते. तार देखणी होती. भोंगेवाल्याचा हात कनवटीला गेला.

"थांबा," बायको म्हणाली. "कलिंगडसुद्धा टिचकी मारून घेता. हिला नको?"

तिने दोघांनाही अंगणात बसवलं, मध्ये घोंगडी टांगली, "नवी तार कोणत्या वेळी, ते ओळखा," म्हणाली आणि आतून भोंग्यावर एक नाव दोनदा पुकारलं.

"दुसरी! दुसरी नवी," भोंगेवाला उठलाच. "काय गोडवा आलाय!"

"बघा, चांदी बोलतेय!" विक्रेता म्हणाला.

बायकोने घोंगडी सारली. नवी तार तिच्या मांडीवर गुंडाळलेलीच होती. "दोन्ही वेळा जुनीच होती."

"मग मला गोड कसं लागलं गं?"

"तुम्हाला गोड हवं होतं, म्हणून."

"काकू, एकदा खरंच जोडून तर बघा!" विक्रेता काकुळतीला आला. तिने जोडली. भोंगा तसाच खरखरला.

भोंगेवाला सायकल घेऊन बाजाराकडे सुटला. दुकान बंद होता होता त्याने पडदा आणला.

दुसऱ्या दिवशी जत्रेत एक मुलगी रडत आली. तिची अंधुक दिसणारी आई गर्दीत चुकली होती, आणि ओढा तुडुंब होता. भोंगेवाल्याने नाव पुकारलं. कुणी ओ दिली नाही. त्याने पुन्हा पुकारलं.

ओढ्याच्या बाजूने कुणाचातरी हात धरून मुलीची आई आली. "ऐकलं रे बाबा, ऐकलं! किती ओरडशील?"

भोंगेवाल्याने डोळे पुसले. भोंग्याला जुनीच तार होती, दोन ठिकाणी गाठ मारलेली.

तात्पर्य: मन लोभावलं की कानही त्याच्याच बाजूने साक्ष देतो, म्हणून आधी पारखावं, आणि जिथं फाटलंय तिथंच शिवावं.