लिंपलेली ढोली

रानात पाखरांना ढोल्या भाड्याने मिळायच्या, त्या काळची ही गोष्ट. म्हाताऱ्या सुतारपक्ष्याची बेहड्यातली ढोली बघायला धनेशीण आली.

"काका, खोड आतून धड आहे ना? आमच्यात अंडी घातली की आई दार लिंपून आत बसते. मग बाहेर पडता येत नाही."

सुतारपक्ष्याने चोचीने खोड ठोकलं. आवाज भद्द आला; खोड आतून कुजलं होतं आणि बाहेर भेग पडली होती. पण डागडुजी काढली तर ऐन हंगामात ढोली रिकामी पडली असती. त्याने भेगेवर चिखल थापला. "दगड आहे दगड! निर्धास्त राहा."

वैशाखात वादळ आलं. खोड त्या भेगेपाशीच मोडलं. दार लिंपलेलंच होतं.

तेव्हापासून सुतारपक्षी एकेक झाड ठोकून बघत फिरतो. लोकांना वाटतं, किडे शोधतोय.